तिरफळ मागणारा बाँड

१९६७च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये जपानी शिकवणारं पुस्तक हाती येताच जेम्स बाँड ते परत करतो. केंब्रिजला पौर्वात्य भाषांत पहिला वर्ग मिळवलाय, असं ऐकवतो. १९९७च्या ‘टुमॉरो नेव्हर डाइज’मध्ये मात्र चिनी कळफलक पुढ्यात आला, की त्याचं घोडं अडतं. मला हा दुसरा बाँड जास्त खरा वाटतो. अमेरिकी राजनयिकांना जपानी किंवा चिनी कामापुरती यावी म्हणून सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरले जातात. शब्द आणि व्याकरण त्यात बसतं. पण हेराला ‘इथलाच’ वाटायचं असतं.

समजा, हा बाँड मालवणच्या बाजारात बांगड्याच्या तिखल्यासाठी तिरफळं मागतोय. पहिल्याच अक्षराला तो पकडला जाईल. आपला ‘त’ दातांना जीभ टेकवून होतो, ‘ट’ जीभ मागे वळवून. इंग्रजांची जीभ या दोन्हींच्या मधे, हिरडीवर टेकते. शेवटचा ‘ळ’ तर त्यांच्याकडे नाहीच.

खरी अडचण जिभेआधी कानात आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये हिंदीतल्या अशाच दंत्य-मूर्धन्य ‘त’-‘ट’ची जोडी इंग्रजी घरांतल्या तान्ह्यांना ऐकवली. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपासच्या फारच थोड्यांना. घरात जो भेद ऐकू येत नाही, त्याकडे मेंदू काणाडोळा करायला शिकतो. बाळ अजून ‘आई’ म्हणायचं असतं, तोवर ही छाननी बरीचशी उरकलेली असते!

म्हणून मला बाँडपेक्षा रायगडमधल्या कोर्लईची मुलं थोर वाटतात. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत घरी पोर्तुगीजमधून घडलेली क्रिओल, म्हणजे मिश्र बोली, बोलतात, बाहेर मराठी. पोर्तुगीजांची सत्ता तिथून १७४० मध्ये गेली, बोली अजून नांदते आहे. दोन्ही भाषांचे ध्वनी लहानपणापासून कानावर पडतात.

मोठेपणी दार अगदी बंद होत नाही, हेही सांगायला हवं. इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ओळखणं जपानी प्रौढांना जड जातं. एकाऐवजी अनेकांच्या आवाजांत ते शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले आणि चूक-बरोबर लगेच सांगितलं, तेव्हा त्यांची ओळख सुधारली, नवख्या आवाजांतही. बाँडला खरोखर मालवणीत मिसळायचं असेल, तर केंब्रिजच्या एका प्राध्यापकापेक्षा मासळीबाजारातल्या वीसजणी त्याला जास्त शिकवतील.