युद्धकालीन नेत्यांचे नैतिक मूल्यमापन : मराठवाडा

लढाई, बंड किंवा सत्तांतराच्या काळात हुकूम देणाऱ्यांना पुढच्या पिढ्यांच्या नीतिकल्पनांनी जोखण्याची पद्धत. इतिहासलेखनात हा कालविपर्यासाचा दोष समजतात. मराठवाड्यात हा वाद मुख्यतः खुलताबादची औरंगजेबाची कबर आणि १९४८ची पोलीस ॲक्शन (निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात आणणारी लष्करी कारवाई) यांवरून पेटतो. ‘त्या काळी असंच चालायचं’ हा बचाव दोन्हीकडे ऐकू येतो, पण तो सगळ्याच कृत्यांना पुरत नाही.

औरंगजेबाने १६५९ मध्ये भाऊ दारा शुकोह याला ठार करवले. गादीसाठी भाऊबंद संपवणे त्या घराण्यात नवे नव्हते. शाहजहाननेही तेच केले होते. जिझियाचे, म्हणजे बिगरमुस्लिमांवरच्या कराचे, तसे नाही. हा कर औरंगजेबाच्या पणजोबाने, अकबराने, १५६४ मध्ये उठवला होता आणि औरंगजेबाने तो १६७९ मध्ये पुन्हा लादला. इथे दोष दाखवायला आजची फूटपट्टी लागत नाही, त्याच्याच घरातली पुरते.

रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या राजवटीसाठी लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या दहशतीविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. म्हणजे रझवीला चूक ठरवणारे त्याच्याच संस्थानात, त्याच्याच धर्माचे आणि त्याच वर्षी होते. पुढे बीबीनगरच्या दरोडा खटल्यात त्याला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. मीर उस्मान अली खान या निजामाने मात्र रझवीच्या टोळक्याने आपल्याला वेठीस धरले होते, असा खुलासा केला आणि १९५० ते १९५६ राजप्रमुखपद (राज्यपालासारखे पद) भूषवले. दोघांना लावलेली मापे वेगळी होती, आणि त्यामागे नीतीपेक्षा राजकीय सोय जास्त होती, हे उघड आहे.

खरी अडचण आपल्या बाजूच्या माणसांची असते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर गावोगाव मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि नांदेड होते. अहवाल कित्येक दशके दडपून राहिला. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकारांचे अत्याचार हटकून येतात (यावेतच), हा अहवाल क्वचित. ‘रझाकारांनी केलं त्याची परतफेड’ असे म्हणून तो मिटवला जातो. पण शेजाऱ्यांना वाचवताना जीव गमावलेल्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर हिंदू जमावापुढे मुसलमान विणकरांसाठी उभे राहिले होते.