बसतोय, पण चालतोय का? सॉकेट आणि चिपसेट

महिन्यातून दोनदा तरी व्हॉट्सॲपवर मदरबोर्डाचा फोटो येतो. मधलं चौकोनी सॉकेट झूम केलेलं आणि खाली एकच ओळ: ‘ह्यात नवा रायझन बसतोय न्हवं?’ (रायझन म्हणजे एएमडी कंपनीचा प्रोसेसर.) बसतोय की. पण गड्या, विचारायचं होतं ते ‘चालतोय का’. बसणं आणि चालणं ह्यात नव्या प्रोसेसरच्या किमतीएवढा फरक आहे.

सॉकेट काय ते गेम खेळणाऱ्याला सांगायला नको. प्रोसेसरची ती बैठक. एएमडीचं एएम४ आणि एएम५, इंटेलचं एलजीए १२०० आणि १७००. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला लावायचा, जोर करायचा नाही, झालं.

चिपसेट मात्र बहुतेकांनी बघितलेलाच नसतो. बोर्डाच्या खालच्या बाजूला, उजव्या कोपऱ्याजवळ, छोट्या हीटसिंकखाली दडलेली ती वेगळी चिप. बी४५०, बी५५०, एच६१०, झेड७९० ही तिचीच नावं, अक्षर बोर्डाच्या तऱ्हेचं आणि आकडा मालिकेचा. यूएसबी, साटा डिस्क, जादाचे स्लॉट हे ती सांभाळते, आणि ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं) करू द्यायचं की नाही तेही तिच्यावरच. घोळ होतो तो ह्याच्या पुढं. कुठल्या पिढीचा प्रोसेसर कुठल्या बोर्डावर चालू द्यायचा, हे कंपन्या सॉकेट बघून ठरवत नाहीत. चिपसेटची मालिका बघून ठरवतात आणि बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तसं लिहितात. किल्ली कुलपात शिरते, फिरत नाही, तसला प्रकार.

सगळ्यात छळवादी उदाहरण इंटेलचं. एलजीए ११५१ आलं २०१५ मध्ये. सहावी आणि सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर सुखानं चालली. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच, पिनांची संख्या तीच. पण काही मोकळ्या पिना वीजपुरवठ्याला जोडल्या आणि इंटेलनं सांगितलं, आता ३०० मालिकेचाच बोर्ड लागेल. झेड२७० ह्या २०० मालिकेतल्या बोर्डावर आठवी पिढी बसते. चालत नाही. जुन्या बाजारात आजही लोक ह्यात फसतात. एलजीए १२०० ला तेच. दहावी आणि अकरावी पिढी, दोन्हींचं सॉकेट एक, पण मूळ एच४१० आणि बी४६० वर अकरावी नाही.

एएमडीची गोष्ट तर आणखी गमतीची. मे २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की झेन ३ चे, म्हणजे रायझन ५००० पिढीचे प्रोसेसर ४०० मालिकेवर चालणार नाहीत, कारण बायोसच्या चिपमध्ये जागा कमी. लोक खवळले, आणि महिना संपायच्या आत कंपनीनं शब्द फिरवला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेलाही परवानगी मिळाली. बोर्ड तोच, सॉकेट तेच, चिपसेट तोच. बदलली ती बायोसची फाइल.

आमच्या भाच्याचंच घ्या. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल सामना बघून आला की रात्री एफसी हा फुटबॉलचा गेम लावतो, म्हणून रायझन ५ २६०० काढून ५६०० घातला. बोर्ड बी४५०. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळीच. दुकानवाल्यानं फोनवरच निकाल दिला, ‘बोर्ड गेला, नवा घ्या.’ पोरगं रडवेलं होऊन आलं, ‘मामा, सॉकेट तेच हाय की!’ मी जुना २६०० परत लावला. (एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. ह्यानं तसाच उपटला होता, दोन पिना वाकलेल्या, त्या एटीएम कार्डाच्या कडेनं सरळ करता करता माझा घाम निघाला.) स्क्रीन आली. बायोस २०१८ सालचा, म्हणजे ५६०० जन्मायच्या आधीचा. पेनड्राइव्हवरून नवा बायोस घातला, ५६०० परत बसवला, चालू. खर्च शून्य.

एक मात्र सांगतो, आपल्याकडच्या पावसात यूपीएस नसताना बायोसला हात लावू नका. अर्ध्यात लाईट गेली तर मग खरंच बोर्ड जाऊ शकतो.

तेव्हा सॉकेटचा फोटो पाठवू नका. बोर्डावर छापलेलं पूर्ण नाव वाचा, कंपनीच्या साइटवर त्याच बोर्डाची प्रोसेसर यादी उघडा. आपल्या प्रोसेसरसमोर बायोसचा आकडा असतो, त्या आकड्याचा किंवा नंतरचा बायोस हवा. यादीत नावच नसेल तर विषय संपला. जुना प्रोसेसर हाताशी नसेल, तर मागच्या पट्टीवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या. त्यात प्रोसेसर न लावताही बायोस बदलता येतो. माझ्या मते हे बटण बोर्डावरच्या रंगीत दिव्यांपेक्षा दसपट मोलाचं. खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिलेलं असतं त्याला तर काहीच अर्थ नाही.

बाकीचं थोडक्यात. बोर्डाचा आकार एटीएक्स की मायक्रो एटीएक्स? कॅबिनेटला विचारा. रॅम डीडीआर४ की डीडीआर५? एएम५ वर डीडीआर५ च, एलजीए १७०० वर दोन्ही तऱ्हेचे बोर्ड मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात शिरतच नाही, त्यामुळं निदान तिथं तरी फसवणूक लगेच कळते. नुसत्या भारी चिपसेटनं एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढत नाही. नावाच्या शेवटी के नसलेल्या, म्हणजे ओव्हरक्लॉक न होणाऱ्या आय५ ला झेड मालिकेचा बोर्ड घेणं म्हणजे पैसे पंचगंगेत सोडणं. मी डोळे झाकून बी मालिका सांगतो.

एकाच ठिकाणी चिपसेट गेममध्ये खरंच दिसतो. बी४५० वर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई (कार्डाकडं डेटा नेणारी वाट) ३.० चा, बी५५० वर योग्य प्रोसेसरसोबत जास्त वेगवान ४.० चा. चांगल्या सोळा लेनच्या (डेटाच्या सोळा मार्गांच्या) कार्डाला हा फरक जेमतेम जाणवतो. पण आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच लेन वापरतं, जुन्या बोर्डावर ते चांगलंच अडखळतं.

नवा बोर्ड घेताना खोक्यावर बायोसच्या आवृत्तीचं स्टिकर आहे का बघा. नसेल तर दुकानातच प्रोसेसर लावून, स्क्रीनवर बायोसचा आकडा दाखवून मग बिल करायला सांगा. कुरकुर करत असेल तर राजारामपुरीत पुढची गल्ली आहेच.