मूल राइडला ‘नको’ म्हणतंय? डिस्ने वर्ल्डच्या ‘रायडर स्विच’ची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

फ्लोरिडात ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला लहान मुलांना घेऊन जायचं ठरलं की घरात एक चर्चा हमखास होते. मोठ्या राइडवर धाकट्याला बसू देणार नाहीत, किंवा तो घाबरेल. मग एकाने राइड करायची आणि दुसऱ्याने त्याला घेऊन बाकावर बसायचं का? की दोघांनी पाळीपाळीने तास-तासभर रांगेत उभं राहायचं? तिसरा मार्गही लोक काढतात, आणि तो सगळ्यांत वाईट: ‘काही होत नाही रे, डोळे मिटून बस’ म्हणत रडणाऱ्या मुलाला ओढत रांगेत न्यायचं.

यातलं काहीच करावं लागत नाही. ‘रायडर स्विच’ नावाची अधिकृत सोय तिथे आहे: एकजण राइडवर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग दोघे जागा बदलतात; दुसऱ्याला पुन्हा मुख्य रांग लावावी लागत नाही. तिच्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि आधी कुठे नोंदणी करावी लागत नाही. अर्ज म्हणजे राइडच्या दारावर तोंडी विचारणं, एवढंच. पण कोणी, कधी आणि कुठे विचारायचं हे माहीत नसेल तर सोय असूनही हुकते. म्हणून ही माहिती जरा सविस्तर.

पात्रता: मुलाची इच्छा नसणं पुरेसं आहे

पुष्कळ पालकांना वाटतं की ही सोय फक्त उंची कमी असलेल्या मुलांसाठी आहे. तसं नाही. डिस्नेच्या नियमात दोन कारणं दिली आहेत: सोबतची व्यक्ती उंचीच्या अटीत बसत नाही, किंवा तिला त्या राइडवर बसायचं नाही. दुसरं कारण पहिल्याइतकंच ग्राह्य आहे. तुमची सहा वर्षांची मुलगी मापपट्टीला डोकं टेकवत असेल आणि तरीही ‘मला नाही जायचं’ म्हणत असेल, तरी तुम्ही पात्र आहात. तिच्या भीतीचं कारण सांगावं लागत नाही, कसला दाखला लागत नाही.

मला या नियमातली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. मुलाचं ‘नको’ तिथे कारण म्हणून मान्य होतं. ते आपणही मान्य करावं.

अट एक आहे: तुमच्यासोबत किमान दोन मोठी माणसं हवीत, म्हणजे एक राइडवर आणि एक मुलाजवळ. एकटी आई किंवा एकटे बाबा दोन मुलांना घेऊन आले असतील तर ही सोय उपयोगी पडत नाही. अशा वेळी वयाचे नियम माहीत असलेले बरे. सात वर्षांखालच्या मुलासोबत राइडवर चौदा किंवा त्याहून मोठ्या वयाचं कोणीतरी बसावं लागतं. पार्कमध्ये शिरतानाही चौदा वर्षांखालच्या मुलासोबत चौदा किंवा त्याहून मोठं कोणीतरी लागतं. म्हणजे पंधरा वर्षांची ताई सहा वर्षांच्या भावाला राइडवर सोबत करू शकते.

ही सोय प्रत्येक राइडवर नाही. ती मुख्यतः उंचीची अट असलेल्या राइड्सवर मिळते. संथ, कुटुंबाने एकत्र बसायच्या राइड्सना तिची फारशी गरजही पडत नाही.

उंची घरीच मोजा

अमेरिकेत उंचीची अट इंचांत लिहितात. आपल्याकडेही मुलांची उंची फूट-इंचांतच सांगतात, त्यामुळे हिशोब सोपा आहे. ३८ इंच म्हणजे ३ फूट २ इंच (९७ सेंमी). स्लिंकी डॉग डॅश, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, मिलेनियम फाल्कन स्मगलर्स रन आणि काली रिव्हर रॅपिड्सला एवढी उंची लागते. ४० इंच, म्हणजे ३ फूट ४ इंच (१०२ सेंमी) झाली की टियानाज बायू ॲडव्हेंचर, टॉवर ऑफ टेरर, टेस्ट ट्रॅक आणि स्टार वॉर्स विभागातली राइज ऑफ द रेझिस्टन्स खुली होते. कॉस्मिक रिवाइंडला ४२ इंच लागतात. स्पेस माउंटन, एक्स्पिडिशन एव्हरेस्ट आणि अवतार फ्लाइट ऑफ पॅसेज या तिघींना ४४, म्हणजे ३ फूट ८ इंच (११२ सेंमी). ट्रॉनला पूर्ण ४ फूट. सगळ्यांत सौम्य रोलर कोस्टर म्हणजे मॅजिक किंगडम या तिथल्याच एका पार्कमधला बार्नस्टॉर्मर, त्याला ३५ इंच पुरतात. पहिल्यांदा रोलर कोस्टरवर बसणाऱ्या मुलासाठी तो चांगला.

दारावर मापपट्टी असते आणि कर्मचारी मुलाला तिच्याजवळ उभं करून बघतात. टाचा उचलणं, केसांचा अंबाडा उंच बांधणं, बुटात काही भरणं असले प्रकार करू नका. मांडीवर येणारी दांडी ठरावीक उंचीच्या शरीराला धरून ठेवेल अशा बेताने बसवलेली असते. अर्ध्या इंचासाठी कर्मचाऱ्यांशी घातलेला वाद म्हणजे आपल्याच मुलाच्या सुरक्षिततेशी घातलेला वाद. उलट, उंची पूर्ण आहे म्हणून मूल तयार आहे असंही नाही. एव्हरेस्टची गाडी अंधारात उलटी मागे जाते, स्पेस माउंटन जवळजवळ पूर्ण काळोखात धावतं, टॉवर ऑफ टेररमध्ये लिफ्ट खाली कोसळते. उंचीची पट्टी यातलं काही मोजत नाही. जाण्याआधी त्या राइडचा व्हिडिओ मुलासोबत बसून बघा आणि त्याला काय वाटतं ते त्यालाच विचारा.

कागदपत्रं

रायडर स्विचसाठी वेगळा कागद लागत नाही, पण पुढच्या गोष्टी तयार हव्यात.

राइडवर बसणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट, मग ते मॅजिकबँडमध्ये (मनगटावर बांधायच्या डिस्नेच्या पट्टीत) असो, कार्डावर असो की फोनमध्ये. कर्मचारी तेच स्कॅन करून तुमच्या नावावर रायडर स्विचची नोंद करतात. पूर्वी यासाठी कागदी पास मिळायचा, आता सगळं डिजिटल आहे. म्हणून घरातल्या सगळ्यांची तिकिटं ‘माय डिस्ने एक्स्पीरियन्स’ ॲपमध्ये जोडून ठेवा, आणि शक्यतो आई-बाबा दोघांच्याही फोनमध्ये. एकाचा फोन राइडवर आणि दुसऱ्याचा बाहेर असतो, तेव्हा याचं महत्त्व कळतं. पार्कमध्ये वायफाय फुकट आहे, भारतातून गेलेल्यांना रोमिंगवर अवलंबून राहावं लागत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. तीन ते नऊ मुलांचं तिकीट, दहापासून पुढे मोठ्यांचं. मुलाचं वय सीमारेषेवर असेल तर पासपोर्टच्या पानाचा फोटो फोनमध्ये असू द्या. मूळ पासपोर्ट दिवसभर पाठपिशवीत घेऊन फिरू नका, तो हॉटेलच्या तिजोरीतच बरा. प्रवेशद्वारावर तीन वर्षांवरच्या प्रत्येकाच्या बोटाची नोंद घेतात. ज्यांना ती द्यायची नाही त्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवावं. तारखेच्या तिकिटासाठी पार्कचं वेगळं आरक्षण करावं लागायचं, ती अट ९ जानेवारी २०२४ पासून उठली आहे. जुन्या माहितीवरून ते शोधत बसू नका.

प्रक्रिया

आईबाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा घराचं उदाहरण घेऊ. राइड आहे सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन. मुलाची उंची पुरते, पण त्याला बसायचं नाही.

चौघांनीही मिळून राइडच्या दाराशी जायचं. हे सगळ्यांत महत्त्वाचं, कारण इथेच चूक होते. बाबा रांगेत आणि आई मुलाला घेऊन आधीच आइस्क्रीमच्या दुकानात, असं झालं तर नोंद मिळणं अवघड. न बसणारं मूल कर्मचाऱ्यांना समोर दिसायला हवं. बाबागाडीत झोपलेलं असलं तरी चालतं.

रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला ‘रायडर स्विच, प्लीज’ म्हणा. एवढ्या शब्दांत काम होतं. कोण आधी जाणार, कोण मुलाजवळ थांबणार ते विचारतील आणि थांबणाऱ्याचं तिकीट स्कॅन करतील. समजा बाबा आणि मुलगी आधी गेले. ते नेहमीच्या रांगेने जातात, किंवा त्यांनी पैसे देऊन लाइटनिंग लेन, म्हणजे लवकर आत नेणारी वेगळी रांग, घेतली असेल तर तिकडून. तेवढा वेळ आई मुलाला घेऊन कुठेही जाऊ शकते, राइडच्या दारात उभं राहायची सक्ती नाही. बाबा परत आले की मूल त्यांच्याकडे, आणि आई लाइटनिंग लेनच्या दाराने आत. तिथेही थोडी रांग असते, पण मुख्य रांगेपेक्षा ती बरीच लहान.

दुसऱ्या गटात साधारणपणे तिघांपर्यंत जाता येतं. मुलीला आईबरोबर पुन्हा बसायचं असेल तर पहिल्यांदा स्कॅन होतानाच तसं सांगा आणि चालेल का ते विचारून घ्या. नंतर सांगितलं तर दुरुस्ती करायला पुन्हा दाराशी वेळ जातो.

दोन नियम लक्षात ठेवा. मिळालेली नोंद त्याच दिवशी वापरायची. आणि एक वापरल्याशिवाय दुसऱ्या राइडची मिळत नाही. सकाळी तीन-चार राइड्सच्या नोंदी गोळा करून संध्याकाळी सावकाश वापरू, हा बेत चालत नाही.

आधी कोणी जायचं? मूल ज्याला चिकटलेलं असतं त्याने दुसरं जावं, असं माझं मत आहे. आई त्याच्याजवळ थांबते, बाबा हसत परत येतात, आणि ‘वर गेलेला माणूस परत येतो’ हे मूल स्वतः बघतं. मग आईला सोडणंही त्याला सोपं जातं. कधी कधी तेवढं बघून मूल ‘मीपण येतो’ म्हणतं. उंची बसत असेल तर दारावरच्या कर्मचाऱ्याला तसं सांगा. नाही म्हणालं तर विषय तिथेच सोडा, दिवसभर पुन्हा काढू नका.

थांबण्याचा वेळ मुलासाठी शिक्षा होऊ नये. माइन ट्रेनच्या शेजारीच विनी द पूची राइड आहे. स्पेस माउंटनजवळ उंचीची अट नसलेली पीपलमूव्हर आहे, ती संथ फिरते आणि सावलीही मिळते. फ्लाइट ऑफ पॅसेजच्या बाजूला नावी रिव्हर जर्नी, स्लिंकी डॉगजवळ टॉय स्टोरी मेनिया. धाकट्याला वाटलं पाहिजे की या अर्ध्या तासात आई फक्त माझी होती. अगदी तान्हं बाळ असेल तर प्रत्येक पार्कमध्ये बेबी केअर सेंटर आहे. तिथे दूध पाजायला, लंगोट बदलायला शांत जागा मिळते. मॅजिक किंगडममध्ये ते क्रिस्टल पॅलेस उपाहारगृहाशेजारी आहे.

आजी-आजोबा सोबत असतील तर

अमेरिकेतल्या मुलाकडे-मुलीकडे आलेले आईवडील ऑरलँडोच्या सहलीत असतातच. आजी नातवाजवळ थांबायला खुशीने तयार असेल तर आईबाबा दोघे एकदम राइडवर जाऊ शकतात, रायडर स्विचची गरजच नाही. पण दिवसभर प्रत्येक राइडबाहेर आजीलाच बसवू नका. तिला विचारा. तिला कशावर बसायचं असेल तर दुसऱ्या गटात तिचं नाव घाला. आणि किलिमांजारो सफारीसारख्या उंचीची अट नसलेल्या राइड्स सगळ्यांनी मिळून करा.

रांगेत गेल्यावर मूल घाबरलं तर

दारावर ‘हो’ म्हणालेलं मूल आतला काळोख बघून किंवा वरच्या किंकाळ्या ऐकून ऐनवेळी ‘नाही’ म्हणतं. तिथवर पोहोचल्यावरही उशीर झालेला नसतो. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला सांगा. राइडवर न बसता बाहेर पडायची वाट असते, आणि पाळीने बसण्याची सोय तिथेही विचारता येते. मागच्या लोकांचा खोळंबा होतोय म्हणून मुलाला गाडीत कोंबू नका. एका मिनिटाच्या संकोचापायी पुढच्या सगळ्या राइड्स त्याला नकोशा होतील.

मुलाची अडचण भीतीपेक्षा वेगळी असेल, म्हणजे स्वमग्नता किंवा तशा विकासात्मक कारणामुळे त्याला लांब रांगेत थांबणंच शक्य नसेल, तर डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस ही वेगळी सोय आहे. तिची नोंदणी मात्र आधी करावी लागते. ती डिस्नेच्या प्रतिनिधीशी व्हिडिओ कॉलवर होते आणि २०२४ पासून तिचे निकष कडक झाले आहेत. रायडर स्विच तिची जागा घेऊ शकत नाही.

युनिव्हर्सलला नियम वेगळा

याच सहलीत बहुतेक जण युनिव्हर्सल ऑरलँडोलाही जातात. तिथल्या सोयीचं नाव ‘चाइल्ड स्वॅप’, आणि पद्धत उलटी आहे. मुलासकट सगळं कुटुंब एकत्र रांगेत चालत जातं. फलाटाजवळ एक खोली असते, तिथे एकजण मुलाला घेऊन बसतो. पहिला उतरून आला की दुसरा लगेच जातो. दुसऱ्याला वेगळी रांग नाही, हा फायदा. तोटा असा की न बसणाऱ्या मुलालाही पूर्ण रांग चालावी लागते. हॅरी पॉटरच्या फॉरबिडन जर्नीला ४८ इंच लागतात आणि तिची रांग किल्ल्याच्या अंधाऱ्या दालनांतून जाते. अंधाराला घाबरणाऱ्या मुलासाठी ते चालणंच अवघड असतं, म्हणून आत शिरण्याआधी त्याला तसं सांगा. पाणी आणि खाऊ जवळ ठेवा. तिथेही दारावरच्या कर्मचाऱ्याला आधी ‘चाइल्ड स्वॅप’ हे शब्द सांगायचे.

अडलं तर

डिस्नेत ॲपमध्ये नोंद दिसली नाही, चुकीच्या माणसाच्या नावावर गेली किंवा लाइटनिंग लेनच्या दाराशी चालत नसेल, तर आधी राइडच्याच दारावरच्या कर्मचाऱ्याला दाखवा. तिथे बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर पार्कमध्ये जागोजागी निळ्या छत्र्या दिसतील, त्यांच्याखाली मदत करणारे कर्मचारी असतात. कुठली राइड, साधारण किती वाजता स्कॅन झालं आणि कोण थांबलं होतं, एवढं त्यांना सांगा.