सेलिका घ्यायचीय? आधी तिच्याखाली कुठली टोयोटा आहे ते बघा

सेलिका ही गाडी बडोद्यात दिसत नाही, टोयोटाने ती भारतात विकलीच नाही, तरी तिच्याबद्दल विचारणारं कोणी ना कोणी इथे भेटतंच. कारण पोरं तिकडे आहेत ना. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर, कुठल्याही मराठी घरात विचारा, कोणाचा भाचा न्यू जर्सीत, कोणाची पुतणी टोरंटोकडे, आणि नोकरी लागून दोनचार पगार झाले की यांना दोन दारांची स्पोर्ट्स गाडी हवी असते, टोयोटाच्याच सुप्रा या स्पोर्ट्स गाडीचे भाव बघून डोळे फिरतात, मग कुठेतरी स्वस्तात सेलिका दिसते आणि फोटो थेट इकडच्या मामाला येतो, मामा घेऊ का. मामाने गाडी कधी हात लावून बघितलेली नसते पण गाड्यांमधलं कळतं अशी ख्याती असते, त्यामुळे उत्तर द्यावंच लागतं. तर अशा सगळ्या मामा-काकांसाठी आणि त्या पोरांसाठी ही पार्श्वभूमी.

पहिली गोष्ट, "सेलिका कशी आहे" या प्रश्नाला अर्थ नाही, कारण १९७० ते २००६ या काळात सेलिका नावाच्या सात वेगवेगळ्या गाड्या झाल्या आणि पहिलीचा सातवीशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. पण एक गोष्ट सातहीजणींत सारखी आहे: वरून स्पोर्ट्स, आतून संसारी. खाली प्रत्येक वेळी टोयोटाची कुठलीतरी साधी, ऑफिस-भाजी-शाळावाली गाडी आहे, आणि सेलिका घेताना बॉडीचा शेप बघून भुलण्यापेक्षा ती साधी गाडी कुठली हे बघितलं की अर्धं काम झालं. पार्ट मिळतील का, मेकॅनिक हात लावेल का, इंजिन किती वर्षं चालेल, सगळं त्याच्यावर ठरतं.

ही आयडिया टोयोटाची नाही. फोर्डने एप्रिल १९६४ मध्ये मस्टँग आणली ती फाल्कन नावाच्या अगदी बोअरिंग फॅमिली गाडीच्या सांगाड्यावर, किंमत २३६८ डॉलरपासून, आणि दोन वर्षांत दहा लाख गेल्या. मग सगळ्या जगाने तेच केलं. आपल्या बडोद्याजवळच्या हालोलचंच घ्या, जनरल मोटर्सने १९९६ ला तिथे ओपेल अ‍ॅस्ट्रा सुरू केली, २००० ला कोर्सा, ती कोर्सा बडोद्यात अजून कोणाच्या तरी पार्किंगमध्ये कव्हरखाली असेल, तर त्याच कोर्साच्या सांगाड्यावर युरोपात ओपेल टिग्रा नावाची छोटी कूपे, म्हणजे दोन दारांची स्पोर्टी गाडी, १९९४ पासून विकत होते. म्हणजे हालोलहून निघणाऱ्या गाडीची सख्खी बहीण कूपे होती आणि आपल्याला पत्ताच नाही, कारण इथे गाडी म्हणजे चार दारं, मागे आजी-आजोबा आणि डिकीत पापडाचे डबे. २०१७ ला जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, आता तिथे एमजी आहे. असो.

तर टोयोटाने १९७० च्या टोकियो मोटर शोमध्ये दोन गाड्या एकत्र दाखवल्या, करिना नावाची सेडान आणि सेलिका, खालून दोघी जवळजवळ एकच. जपानमध्ये गिऱ्हाइकाला इंजिन, गिअरबॉक्स, आतली सजावट वेगवेगळी निवडून आपली सेलिका जुळवता यायची, हेही मस्टँगकडूनच उचललेलं. वरच्या जीटी मॉडेलला १६०० सीसीचं डबल कॅम इंजिन (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), त्याचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, यामाहाने केलेलं, पण ते अमेरिकेला गेलं नाही, तिकडे १९७१ ला १.९ लिटरचं साधं सिंगल कॅम, नंतर २ लिटर आणि १९७५ पासून २.२. १९७३ चं तेलाचं संकट आल्यावर मोठ्या व्ही-८ गाड्या पोसणं लोकांना जड जायला लागलं आणि हिची चंगळ झाली. आज ही पहिली पिढी शौकीन लोकांची गाडी आहे, पत्रा सडलेला नसेल अशी मिळणं कठीण आणि मिळाली तर स्वस्त नाही, त्यामुळे पहिल्या पगारवाल्यांनी फोटो बघून लाइक करावं आणि पुढे जावं.

दुसरी पिढी १९७७ ची. टोयोटाचा कॅलिफोर्नियात कॅल्टी म्हणून डिझाइन स्टुडिओ आहे, तिथे डेव्हिड स्टोलरीने ती काढली, हा माणूस लहानपणी डिस्नीच्या टीव्ही मालिकेत काम करायचा, मोठा होऊन गाड्या काढायला लागला. १९७८ ला याच गाडीचं नाक लांबवून सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि नाव दिलं सेलिका सुप्रा. हो, ज्या सुप्रासाठी लोक आज वेडे होतात ती सेलिकाच्याच घरातली, १९८६ ला वेगळी निघाली.

या दुसऱ्या आणि १९८१ च्या तिसऱ्या पिढीत अमेरिकेत जे इंजिन होतं ते आधी २०आर आणि मग २२आर, म्हणजे हायलक्स पिकअपवालं इंजिन. आवाज ट्रकसारखा, आरपीएमची हौस नाही, पण मरत नाही. पार्ट तिकडे अजून मिळतात कारण त्या पिकअप अजून पळतायत. फक्त एक बघायचं, २२आरच्या नंतरच्या इंजिनांत टायमिंग चेनची प्लास्टिकची गाइड तुटते, मग चेन बाजूच्या कव्हरला घासत राहते आणि भोक पडलं की कूलंट ऑइलमध्ये. थंड इंजिन सुरू करताना पुढून खडखड आली तर चेनच्या कामाचे पैसे किमतीतून कापून घ्यायचे, आणि ऑइल फिलरची टोपी उघडून आत कॉफीसारखा फेस दिसला तर सरळ नमस्कार करून निघायचं. मागच्या चाकाने चालणारी ही शेवटची सेलिका, ड्रिफ्टवाल्या पोरांनी बऱ्याच संपवल्या. याच काळात टर्बो लावलेल्या सेलिकाने केनियातली सफारी रॅली १९८४, ८५, ८६ अशी लागोपाठ मारली.

१९८५ ला सगळंच बदललं. चौथी पिढी पुढच्या चाकाने चालणारी, इंजिन आडवं, खालून कोरोना-करिना घराण्यातली, आणि जुने लोक म्हणाले झालं, संपली सेलिका. स्पष्ट सांगायचं तर रोज चालवायला हीच जास्त बरी, बर्फात तर नक्कीच. आणि ज्यांना नाक मुरडायचं होतं त्यांचं तोंड १९८६ च्या जीटी-फोरने बंद केलं, २ लिटर टर्बो, चारही चाकांना ताकद. कार्लोस साइन्झने १९९० ला हिच्यावर वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप घेतली, जपानी गाडीत ड्रायव्हरने ती घेण्याची पहिलीच वेळ, १९९२ ला पाचव्या पिढीवर पुन्हा घेतली, मग १९९३ कांकुनेन, १९९४ ओरिओल, आणि त्याच दोन वर्षी कंपन्यांची चॅम्पियनशिपही टोयोटाला. १९९५ ला मात्र कॅटालुन्या रॅलीत पकडले गेले. टर्बोत जाणारी हवा मर्यादित ठेवायला नियमाप्रमाणे रिस्ट्रिक्टर असतो, यांनी तो असा बनवला होता की गाडीला बसवताना आपोआप थोडा सरकायचा आणि बाजूने जास्तीची हवा आत, आणि तपासणीला खोलला की पुन्हा जागच्या जागी. बारा महिन्यांची बंदी बसली, त्या सीझनचे पॉइंट गेले. चोरी ती चोरीच, पण हे ज्याने डिझाइन केलं त्याला आपल्या बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, वर्कशॉपचं प्रॅक्टिकल घ्यायला बोलवायला हवं होतं.

आता ही हिस्टरी वाचून जीटी-फोरच घेणार असं कोणी म्हणेल, तर थांबा. अमेरिकेत ती ऑल-ट्रॅक नावाने १९८८ ते १९९३ एवढीच विकली, सहाव्या पिढीची तर तिकडे आलीच नाही. जपानहून जुनी मागवता येते, कॅनडात १५ वर्षांची झाली की आणि अमेरिकेत २५ वर्षांची झाली की, पण ती उजव्या हाताची, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंगची गाडी आणि वर टर्बो, त्याचं प्लंबिंग, चार चाकांचे ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे सेलिकात जी संसारी बाजू आहे नेमकी तीच इथे नाही. पगाराचा अर्धा भाग गाडीला द्यायची तयारी असेल तर घ्या, नाहीतर नको.

साध्या पाचव्या-सहाव्या पिढीकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. पाचवी १९८९ ची, उघडणाऱ्या हेडलाइटवाली, सहावी १९९३ ची, पुढे चार गोल दिवे. सहाव्या पिढीत अमेरिकेत एसटी मॉडेलला १.८ लिटर इंजिन, म्हणजे कोरोलाचं, आणि जीटीला २.२ लिटर म्हणजे कॅमरीचं, हे कॅमरीवालं इंजिन तर घ्याच. पळायला फार नाही, पण बघायला छान आणि कुठल्याही गल्लीतल्या गॅरेजला माहितीतलं. टायमिंग बेल्ट साधारण ६० हजार मैलांना बदलतात, बदलल्याची पावती मागायची, पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. कन्व्हर्टिबल दिसली तर पाऊस पडून गेल्यावर बघायला जा, छताच्या शिवणीतून पाणी आत येतं आणि कार्पेटखाली पत्रा गंजतो. एरवीही बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात त्या राज्यांतल्या गाड्यांत मागच्या चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा हात घालून तपासायच्या.

आणि आता सातवी, १९९९ च्या शेवटी आलेली, धारदार चेहऱ्याची, कारण विचारणाऱ्यांतले बहुतेक हिच्याबद्दलच विचारतात. वजन ११०० किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने पीसच. हिच्यात दोन इंजिनं आणि दोघांचे स्वभाव पार वेगळे. अमेरिकेत जीटी म्हणजे १.८ लिटरचं १झेडझेड, १४० हॉर्सपॉवर. हे आपल्याकडच्या लोकांना माहितीये बरं का, २००३ ला भारतात जी कोरोला आली तिच्यात हेच इंजिन होतं, थोड्या कमी ताकदीचं. म्हणजे मकरपुऱ्याकडच्या ज्या मिस्त्रीने कोरोला उघडल्यात त्याने एका अर्थी सेलिकाचं इंजिन बघितलंय. चेन आहे, बेल्टची कटकट नाही, साध्या पेट्रोलवर चालतं. पण सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांचा रोग म्हणजे ऑइल खाणं. पिस्टनला रिंगमागचं ऑइल परत जायला जी भोकं असतात ती बारीक आणि कमी, ती कार्बनने बुजतात, रिंगा चिकटतात, ऑइल जळायला लागतं. पुढे टोयोटाने पिस्टन सुधारले. यात मारतो तो मालकाचा आळस, कारण संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइलच मुळात पावणेचार लिटरच्या आत, त्यातलं दोन लिटर गुपचूप जळून गेलं तरी गाडी काही बोलत नाही, आणि एक दिवस बेअरिंग जातं. म्हणून बघायला गेल्यावर हॅलो म्हणायच्या आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढायची. मग इंजिन पाच मिनिटं आयडलवर ठेवायचं आणि एकदम ॲक्सिलरेटर द्यायचा, मागून निळा धूर आला की समजायचं. वर्षं नंतरची घ्यावीत हेच उत्तम.

जीटी-एस म्हणजे २झेडझेड, तेही १.८ लिटरच पण १८० हॉर्सपॉवर, सहा गिअर, आणि हे इंजिन नंतर लोटस एलिसलाही लावलं यातच सगळं आलं. हेडचं काम इथेही यामाहाचं. ६००० आरपीएमच्या वर गेलं की दुसरे, उंच कॅम लागतात, लोक याला लिफ्ट म्हणतात, आणि गाडीचा आवाजच बदलतो, तोपर्यंत ती कोरोला असते. टेस्ट ड्राइव्हला आधी इंजिन नीट गरम होऊ द्या, थंड असताना लिफ्ट लागतच नाही, मग दुसऱ्या गिअरमध्ये वर न्या, धक्का जाणवला नाही तर सुरुवातीच्या गाड्यांतले लिफ्ट बोल्ट झिजलेले असू शकतात. बोल्ट स्वस्त आहेत, घाबरू नका, भाव पाडायला वापरा. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला, वर जाताना चुकून खालचा गिअर पडलेल्या गाड्यांना, आरपीएम मर्यादेबाहेर गेला की ऑइल पंपाचे गिअर फुटतात आणि इंजिन जातं. आणि हे इंजिन खराब झालं तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर कोरून मोठा करून, ओव्हरसाइज पिस्टन टाकू हा आपला देशी उपाय सहज चालत नाही, सिलिंडरच्या भिंती खास मिश्र धातूच्या आहेत, लोक सरळ दुसरं इंजिन आणून बसवतात. शिवाय कॉम्प्रेशन ११.५, म्हणजे महागडं प्रीमियम पेट्रोलच. पंचविशीच्या आतल्या मुलाला इन्शुरन्सही जास्त लागतो, तो आकडा गाडी ठरवायच्या आधी काढायचा, नंतर नाही.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी म्हणून सहावी पिढी कॅमरीच्या इंजिनची नाहीतर सातवीची शेवटच्या वर्षांतली साधी जीटी, मॅन्युअल, एकाच मालकाने वापरलेली. सायलेन्सर बदललेली, खाली टेकवलेली, वर भलंमोठं पंख लावलेली गाडी कितीही स्वस्त असू दे, आधीच्या मालकाने ती कशी चालवली ते त्या पंखावर लिहिलेलं असतं. सॅल्व्हेज टायटल, म्हणजे इन्शुरन्सने मोडीत काढलेली गाडी असा कागदावर शिक्का, असेल तर विषयच नको.

२००५ ला अमेरिकेत विक्री बंद झाली, २००६ ला जपानमध्येही. त्याआधीच २००४ ला टोयोटाने तिकडे सायन टीसी आणली होती, पुन्हा तीच युक्ती, कॅमरीचं २.४ लिटर इंजिन आणि वर कूपे, तीही चालेल पण ऑइल तीही पिते. २०१२ ला सुबारूबरोबर मिळून ८६ काढली, मागच्या चाकाची, पण तिच्याखाली कुठलीच कोरोला नाही आणि ते पार्टच्या बिलात दिसतं.

आणि इकडे परत येताना गाडी घेऊन येतो म्हणणाऱ्यांसाठी: वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. २००५ ची डाव्या हाताची सेलिका दोन्हीत नापास, त्यामुळे ती तिकडेच विकायची आणि ऑइल टॉप-अपच्या पावत्या घेणाऱ्याच्या हातात द्यायच्या, भाव चांगला येतो.