तीन कोटी ओळींपैकी नेमके काय पुन्हा कंपाइल करायचे?

ऑगस्ट २०२३मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संगणकांवर विंडोजच्या जागी ‘माया’ ही ऑपरेटिंग सिस्टिम येणार असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा अनेक मथळ्यांत ‘स्वदेशी’ हा शब्द ठळकपणे होता. माया ही उबंटू या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आधारलेली आहे आणि उबंटूच्या गाभ्याशी लिनक्स कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि इतर प्रोग्राम यांच्यातला दुवा सांभाळणारा मूळ प्रोग्राम आहे. हे लक्षात न घेता काहींनी असा समज करून घेतला की सगळे शून्यापासून घडवले आहे. उलट ज्यांना हे ठाऊक होते, त्यांच्यातले काही जण म्हणू लागले की कोड फुकट उपलब्ध आहे, तो उतरवून घेतला की झाले, यात काम ते काय? पहिला समज म्हणजे निव्वळ प्रसिद्धीचा गाजावाजा, आणि तो थोड्या वाचनाने दूर होतो. दुसरा मात्र जाणकारांतही आढळतो आणि त्यामुळे सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक अतिशय सुंदर रचना नजरेआड राहते. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर हाती असणे आणि त्यातून चालणारी, आपल्या यंत्राला साजेशी सिस्टिम तयार करणे, यांच्यामध्ये बिल्डची, म्हणजे कोडपासून सिस्टिम घडवण्याच्या प्रक्रियेची, मोठी व्यवस्था उभी असते.

सप्टेंबर १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती खुली केली, तेव्हा तिच्यात सुमारे १० हजार ओळी होत्या. आज हा आकडा ३ कोटींच्या पलीकडे गेला आहे. हा सगळा पसारा ठरावीक डिरेक्टऱ्यांत (फोल्डरांत) वाटलेला आहे. फाइल सिस्टिम एका ठिकाणी, मेमरीचे व्यवस्थापन दुसऱ्या, नेटवर्क तिसऱ्या, प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी लागणारा कोड आणखी वेगळ्या जागी. निम्म्याहून अधिक कोड एकट्या ड्रायव्हरांच्या, म्हणजे निरनिराळी उपकरणे चालवणाऱ्या कोडच्या, डिरेक्टरीत आहे. कोणत्याही एका संगणकाला यातला फार थोडा भाग लागतो. म्हणून प्रत्येक डिरेक्टरीत पर्यायांची वर्णने ठेवलेली असतात आणि बिल्ड करणारा प्रत्येक पर्यायाला ‘वाय’, ‘एम’ किंवा ‘एन’ असे उत्तर देतो: थेट कर्नलमध्ये घ्या, गरजेनुसार जोडता येणारे मॉड्यूल करा, किंवा वगळा. अँड्रॉइड फोन, घरातला राउटर आणि जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक (नोव्हेंबर २०१७पासून ते सगळे लिनक्सवरच चालतात) हे याच कोडमधून, वेगवेगळ्या उत्तरांनी घडतात.

ही उत्तरे अमलात आणण्याची रीत पाहण्यासारखी आहे. सोर्स कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणे म्हणजे कंपाइल करणे; ते करणारा प्रोग्राम म्हणजे कंपाइलर. कोणत्या फाइली कंपाइल करायच्या आणि कशा, हे सांगणारी फाइल म्हणजे मेकफाइल. कर्नलच्या मेकफाइलमध्ये ‘हा पर्याय निवडला असेल तर ही फाइल घ्या’ अशा अटी क्वचितच दिसतात. तिथे यादीच्या नावाचा शेवटचा तुकडा रिकामा ठेवलेला असतो आणि पर्यायाचे उत्तर त्या जागी बसते. उत्तर ‘वाय’ असेल तर फाइलचे नाव कर्नलमध्ये जाणाऱ्या यादीत पडते, ‘एम’ असेल तर मॉड्यूलांच्या यादीत. आणि पर्याय निवडलेलाच नसेल, तर यादीचे नाव अपुरे राहते व त्या अपुऱ्या नावाच्या यादीकडे बिल्ड कधी पाहतच नाही.

खरी अडचण पुढे येते. बिल्ड चालवणारा ‘मेक’ हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिला. एका सहकाऱ्याने चूक आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालीच नव्हती, त्यामुळे त्याची सबंध सकाळ नसलेली चूक शोधण्यात गेली. तो प्रसंग ‘मेक’च्या जन्माला निमित्त झाला. ‘मेक’चा नियम साधा आहे: तयार झालेली फाइल ज्या फाइलींवर अवलंबून आहे, त्यांतली एखादी जरी तिच्यापेक्षा नवी असेल, तरी ती पुन्हा तयार करायची. नवे-जुने ठरवण्यासाठी तो फक्त फाइलवर नोंदलेली वेळ पाहतो, आतला मजकूर पाहत नाही.

आता हा नियम कर्नलला लावून पाहू. आपण दिलेली हजारो उत्तरे एका हेडर फाइलमध्ये (इतर फाइलींना जोडायच्या सामाईक नोंदींच्या फाइलमध्ये) एकत्र लिहिली जातात आणि प्रत्येक सी फाइल, म्हणजे सी या प्रोग्रामिंग भाषेतली कोडची फाइल, कंपाइल होताना ती हेडर फाइल आपोआप जोडली जाते. म्हणजे एका किरकोळ ड्रायव्हरचे उत्तर ‘एन’चे ‘एम’ केले, तरी ती हेडर फाइल नव्याने लिहिली जाणार, तिची वेळ बदलणार आणि ‘मेक’च्या नियमानुसार जवळजवळ सगळा कर्नल पुन्हा कंपाइल होणार. साध्या लॅपटॉपवर याला तासभरही लागू शकतो.

यावरचा उपाय ‘फिक्सडेप’ नावाच्या एका छोट्याशा प्रोग्रामात आहे, आणि सबंध बिल्डमधला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. एखादी फाइल कंपाइल होताना कंपाइलर तिने वापरलेल्या सगळ्या हेडर फाइलींची यादी लिहून ठेवतो. फिक्सडेप ती यादी वाचतो आणि तिच्यातून उत्तरांची ती सामाईक हेडर फाइल सरळ काढून टाकतो. मग मूळ सी फाइल आणि यादीतली प्रत्येक हेडर फाइल अक्षर-अक्षर चाळून, पर्यायांच्या नावांना असतो तो ‘कॉन्फिग’ हा उपसर्ग कुठे आला आहे हे शोधतो. जे जे नाव सापडेल, त्या नावाच्या एका रिकाम्या फाइलवर ही सी फाइल अवलंबून आहे, अशी नोंद तो यादीत घालतो. दुसरीकडे, उत्तरे बदलली की पर्याय हाताळणारा प्रोग्राम जुन्या आणि नव्या उत्तरांची तुलना करतो आणि ज्या पर्यायाचे उत्तर बदलले, तेवढ्याच रिकाम्या फाइलची वेळ ताजी करतो. त्या फाइलींत एक अक्षरही नसते. त्यांची वेळ हीच त्यांची माहिती. ‘मेक’ला यातले काहीच कळत नाही, तो आपला जुना नियम पाळतो, आणि तरीही ज्या फाइलींत त्या पर्यायाचा उल्लेख आहे तेवढ्याच पुन्हा कंपाइल होतात. बिल्ड झालेल्या डिरेक्टरीत टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली उघडून पाहिल्या, तर ही सगळी नोंद वाचता येते: आरंभी कंपाइलरला दिलेली संपूर्ण आज्ञा, मग शेकडो हेडर फाइलींची नावे आणि त्यांच्यात मिसळलेली पर्यायांची नावे.

फिक्सडेपला सी भाषा समजत नाही. पर्यायाचे नाव नुसत्या टिपणीत (माणसांसाठी लिहिलेल्या, कंपाइलर वगळतो त्या शेऱ्यात) आले असले, तरी तो ते अवलंबित्व म्हणून नोंदवतो. हा दोष वाटेल. पण यामुळे फार तर एखादी फाइल विनाकारण कंपाइल होते, गरज असताना ती राहून गेली असे होत नाही. अशा कामात चूक कोणत्या बाजूला झाली तर चालेल, हे आधी ठरवावे लागते आणि इथे ते नेमके ठरवलेले आहे. काहीही बिनसले की सगळे पुसून मुळापासून बिल्ड करण्याचा प्रघात अनेक प्रोग्रामर पाळतात, कारण न विचारता पाळतात, आणि त्याने बरे वाटले की तो आणखी पक्का होतो. ज्या बिल्डमध्ये अवलंबित्वांची नोंद खरी असते, तिथे हा तोडगा अंधश्रद्धेहून वेगळा राहत नाही.

लपलेल्या फाइलीत कंपाइलरची आज्ञा का जपली जाते, याचेही उत्तर याच शिस्तीत आहे. पुढच्या बिल्डच्या वेळी जुनी आणि नवी आज्ञा ताडून पाहिली जाते आणि एखादा शब्द जरी वेगळा असला, तरी सोर्स कोडला हात लागलेला नसूनही ती फाइल पुन्हा कंपाइल होते. पण आज्ञा तीच राहिली आणि कंपाइलरच बदलला, म्हणजे त्याची नवी आवृत्ती संगणकावर आली, तर? त्यासाठी कंपाइलरच्या आवृत्तीचा मजकूर हाही एक पर्याय म्हणून नोंदलेला असतो, आणि प्रत्येक कंपाइलच्या वेळी जोडल्या जाणाऱ्या एका हेडर फाइलमध्ये एक टिपणी असते, जिच्यात त्या पर्यायाचे नाव लिहिलेले असते. कंपाइलर ती टिपणी वगळून पुढे जातो, फिक्सडेप मात्र ती वाचतो, आणि कंपाइलर बदलल्यावर सगळा कर्नल नव्याने कंपाइल होतो.