चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत विश्वस्त कोण?

शाळा, वाचनालय किंवा वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेवर निवडून आलेल्या माणसाला महाराष्ट्रात एक गोष्ट जरा उशिराच कळते. वार्षिक सभेत तो कार्यकारिणी सदस्य म्हणून निवडून येतो, पण धर्मादाय कार्यालयाच्या लेखी तो विश्वस्त असतो. हिशेब चुकला, जमीन विनापरवाना दिली गेली, अहवाल गेला नाही, तर जाब त्यालाही द्यावा लागतो. 'मी नुसता सदस्य होतो, सह्या अध्यक्ष आणि सचिव करायचे' हा बचाव तिथे फारसा चालत नाही.

याचं मूळ दोन कायद्यांच्या सरमिसळीत आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने मागितलं होतं फार थोडं. सात माणसं, उद्दिष्टांचं पत्रक, नियमावली आणि दरवर्षी कार्यकारिणीची यादी. १८८२ चा ट्रस्ट कायदा खासगी न्यासांपुरता राहिला. सार्वजनिक न्यासात अफरातफर झाली तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९२ होतं, पण त्याखाली दावा लावायचा तर ॲडव्होकेट जनरलची संमती हवी आणि खर्च ज्याचा त्याने करायचा. पदरमोड करून कोर्टात जाणारा भेटेपर्यंत विश्वस्ताला विचारणारं कोणीच नव्हतं. मुंबई प्रांतात १९३५ मध्ये नोंदणीचा कायदा आला, पारशी न्यासांसाठी १९३६ मध्ये वेगळा. पुढे हे सारं गुंडाळून १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा झाला. आज त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे, एवढंच.

या कायद्याची कलमं वाचताना जाणवतं की तो लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर देवस्थानं, त्यांच्या इनाम जमिनी आणि वंशपरंपरेने चालत आलेले वहिवाटदार होते. मात्र 'सार्वजनिक न्यास' या व्याख्येत धर्मादाय हेतूने १८६० खाली नोंदलेल्या संस्थाही घेतल्या गेल्या. इतर बहुतेक राज्यांत संस्थेला एक नोंदणी पुरते. महाराष्ट्रात आणि गुजरातेत दोन लागतात. आपल्याकडच्या 'एफ' क्रमांकाच्या संस्था त्या याच. निवडणुकीने चालणाऱ्या मंडळांना वारसाहक्काच्या व्यवस्थेसाठी बेतलेला कायदा लागू झाला आणि पुढची बरीच भांडणं तिथूनच निघाली.

कायद्याला आव्हान मिळालं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी टिकवला. धार्मिक न्यासावर खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमण्यासारखे काही अधिकार मात्र काढून घेतले.

खरा गुंता कलम २२ चा आहे. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या माहितीत बदल 'झाला' की ९० दिवसांत कळवायचं, असं ते कलम सांगतं. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. नवी कार्यकारिणी निवडून आली की हा रिपोर्ट जातो, चौकशी होते, आदेश होतो आणि मग शेड्यूल वनवर, म्हणजे त्या नोंदवहीत, नवी नावं चढतात. आता प्रश्न असा, की निवडणूक आणि आदेश यांच्या मधल्या काळात विश्वस्त कोण? या काळाला मुदत नव्हती. कोणी हरकत घेतली की चौकशी, मग आयुक्तांकडे अपील, तिथून जिल्हा न्यायालय, पुढे उच्च न्यायालय. कार्यकारिणीची मुदत साधारण तीन किंवा पाच वर्षांची, आणि वाद त्याहून लांबणारा. आधीचा रिपोर्ट निकाली नाही म्हणून पुढचा अडकतो, पुढचा अडकला म्हणून त्याच्या पुढचा. एकापाठोपाठ तीन निवडणुका झाल्या तरी शेड्यूल वनवर जुनीच नावं, त्यात एखादं दिवंगताचंही, हे चित्र धर्मादाय कार्यालयात जाणाऱ्या कुठल्याही वकिलाला नवं नाही.

रूढ समज असा होता, की आदेश होईपर्यंत जुनं मंडळच कायदेशीर. बँका तो मानत, कारण सही बदलायची तर शेड्यूल वनचा उतारा मागायचा ही त्यांची पद्धत. अनुदान देणारी खातीही तसंच करत. पण कलमात शब्द आहे तो 'झालेला' बदल कळवण्याचा. कळवण्याआधी तो झालेलाच असतो. सातबाऱ्यावर फेरफार नोंदला म्हणून जमीन आपली होत नाही, आपली झाली म्हणून फेरफार होतो, तसंच हे. उच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली: रीतसर निवडून आलेलं मंडळ निवडीपासून काम पाहू शकतं, त्याने मंजुरीची वाट पाहण्याची गरज नाही.

एवढं स्पष्ट असूनही जुना समज वर्षानुवर्षं टिकला, आणि तो कोणाच्या सोयीचा होता हे सांगायला नको. हरलेल्या गटाने एक हरकत अर्ज टाकायचा आणि त्या जोरावर खुर्ची सोडायची नाही. दुसरी बाजूही आहे. दोन गटांनी दोन सभा घेऊन दोन मंडळं निवडली, तर दोघेही 'आम्ही आजपासून विश्वस्त' म्हणणार, आणि तोवर शिक्षकांचे पगार कोणाच्या सहीने निघायचे? नोंदवहीवर बोट ठेवण्यात निदान एक स्थैर्य होतं, असं जुने कारकून सांगतात. ते अगदीच खोटं नाही. तरीही त्या स्थैर्याची किंमत बहुतेकदा निवडून आलेल्यांनीच मोजली.

२०१७ च्या दुरुस्तीने या गाठीला हात घातला. विश्वस्तांच्या नावातला बदल आता १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता स्वीकारता येतो, हरकतींसाठी ३० दिवसांची नोटीस निघते, हरकत आली नाही तर तोच आदेश कायम. हरकत आली तर तीन महिन्यांत निर्णय करायचा. ९० दिवस उलटले असतील तर सबळ कारण दाखवून आणि खर्च भरून रिपोर्ट दाखल करता येतो. कागदावर हे चोख आहे. तीन महिन्यांची ती मुदत किती प्रकरणांत पाळली जाते, हा निराळा विषय.

या धामधुमीत विश्वस्ताची बाकीची कर्तव्यं मागे पडतात. दरवर्षी लेखापरीक्षण, पैसा कायद्याने ठरवलेल्या ठिकाणीच गुंतवणं, कर्ज काढण्याआधी परवानगी. स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक भाड्याने देणं, या सगळ्याला कलम ३६ खाली पूर्वमंजुरी लागते. अपवादात्मक स्थितीत कार्योत्तर मंजुरीची सोयही २०१७ मध्येच झाली, आणि ती मला तेव्हाही खटकली होती. हिशेब देण्यात सतत कसूर, विश्वासघात, अफरातफर अशा कारणांवरून कलम ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येतं. अंतर्गत वादात सर्वांत जास्त उगारलं जाणारं हत्यार हेच.

गेल्या काही वर्षांत दिल्लीहून आलेलं ओझं याहून जड झालं आहे. एकदा मिळाली की कायमची, अशी समजली जाणारी, प्राप्तिकरात सूट मिळवून देणारी १२अ नोंदणी २०२१ पासून मुदतीची झाली आणि जुन्या संस्थांनाही नव्याने अर्ज करावा लागला. विदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागितले. इथे शेड्यूल वनवरची जुनी नावं पुन्हा आडवी येतात. केंद्राच्या पोर्टलवर एक मंडळ, धर्मादाय नोंदवहीत दुसरं, अशी तफावत निघाली की आधी खुलासा मागितला जातो.

२०२५ मध्ये राज्याने आजीव विश्वस्तांकडे मोर्चा वळवला. विश्वस्तपत्रात तशी तरतूद नसेल तर त्यांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू नये, असा हा बदल आहे. आधीच आजीव झालेल्यांचं काय, यावर वकिलांमध्ये मतभेद आहेत, आणि त्या नेमणुकांचेही चेंज रिपोर्ट शेवटी कलम २२ खालीच दाखल व्हायचे आहेत.