कॅडिलॅक रँच आणि कारहेंज: उभ्या पुरलेल्या गाड्यांचा घोळ

अमेरिकेत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर गाडीने जायचा बेत ठरला की वाटेत काय काय बघायचं याची यादी सुरू होते. त्या यादीत "त्या जमिनीत पुरलेल्या गाड्या" हमखास असतात. त्या नक्की कुठे आहेत, असं विचारलं की एक जण टेक्सास म्हणतो, दुसरा नेब्रास्का म्हणतो आणि वाद सुरू होतो. खरं तर दोघंही बरोबर असतात. जागा दोन आहेत, त्यांच्यात पाचशे मैलांहून जास्त अंतर आहे, आणि गाड्या उभ्या पुरल्यात एवढं सोडलं तर एकीचा दुसरीशी फारसा संबंध नाही. तरीही एकीचा फोटो आणि खाली दुसरीचं नाव हा प्रकार सर्रास चालतो.

फोटो बघून ओळखायचं असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. दहा गाड्या एका रांगेत, तिरक्या, बोनेटच्या बाजूने जमिनीत घुसलेल्या आणि अंगावर रंगांचा नुसता चिखल, तर ते टेक्सासमधल्या अमरिलोजवळचं कॅडिलॅक रँच. गाड्या वर्तुळात, सरळ उभ्या, काहींच्या डोक्यावर आणखी एक आडवी गाडी आणि सगळ्यांना एकच राखाडी रंग, तर ते नेब्रास्कातल्या अलायन्स गावाबाहेरचं कारहेंज. फोटोपुरतं एवढं पुरे. पण मुळात या गाड्या कोणी आणि कशाला पुरल्या, हे कळलं की दोन्ही ठिकाणं बघायची नजरच बदलते.

आधी कॅडिलॅक रँच, कारण ते वयाने मोठं. 1974 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अँट फार्म' नावाच्या कलाकारांच्या गटाने ते उभं केलं. चिप लॉर्ड, हडसन मार्केझ आणि डग मिशेल्स ही ती तिघं. जमीन आणि पैसा होता अमरिलोचे विक्षिप्त धनिक स्टॅनली मार्श यांचा. हे गृहस्थ नावापुढे रोमन आकड्यातला 'तिसरा' न लावता साधा 3 लावायचे, कारण रोमन आकडा त्यांना फार भपकेबाज वाटायचा. अशा माणसाला शेतात गाड्या पेरायची कल्पना आवडली नसती तरच नवल. गाड्या भंगारवाल्यांकडून आणि जुन्या गाड्यांच्या बाजारातून स्वस्तात गोळा केल्या होत्या.

आता यातली खरी गोम. या दहा गाड्या मिळतील तशा उचललेल्या नाहीत. त्या 1949 ते 1963 या काळातल्या कॅडिलॅक आहेत आणि सालाप्रमाणे लावलेल्या आहेत. दाखवायचं होतं ते गाडीच्या मागच्या बाजूचं टेल फिन, म्हणजे डिकीच्या दोन्ही कडांना वर निघालेले ते कल्ले. कॅडिलॅकला ते पहिल्यांदा आले 1948 च्या मॉडेलला, एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचून. मग ते हळूहळू वाढत गेले. 1959 ला त्यांनी कळस गाठला आणि नंतर पुन्हा उतरत गेले. त्या काळच्या अमेरिकेची श्रीमंती, हौस आणि थोडा आचरटपणा त्या पत्र्याच्या दोन सुळक्यांत मावलेला होता. म्हणून तर गाड्या नाकावर उभ्या केल्या: बोनेट मातीत, डिकी आकाशात, म्हणजे नजर आपोआप कल्ल्यांवर जाते. गाड्यांचा कल इजिप्तमधल्या गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या उताराइतका आहे असंही सांगतात. ते मोजत बसायची गरज नाही.

पण आज तिथे गेलात तर यातलं जवळपास काहीच दिसत नाही. लोकांनी आधी काचा, दरवाजे, जे निघेल ते उचलून नेलं, मग पत्र्यावर नावं कोरली, मग स्प्रेचे डबे आले. पुढे मालकांनीच या रंगवारंगवीला मोकळीक दिली. गाड्या मधूनमधून सरसकट एका रंगात रंगवल्याही जातात. मार्श यांच्या पत्नीच्या वाढदिवसाला त्या गुलाबी झाल्या होत्या, आणि 2003 साली डग मिशेल्स वारले तेव्हा काळ्या. त्याच्या आदल्या वर्षी एका हॉटेल कंपनीने रूट 66 या जुन्या प्रसिद्ध हायवेच्या खुणा जपण्याच्या मोहिमेत त्या पुन्हा मूळ रंगात आणून दिल्या. ते काम चोवीस तासही टिकलं नाही. रंगावर रंग चढून आता तो थर काही इंच जाड झालाय. जवळ जाऊन बघा: कडेला कुठे पापुद्रा सुटलेला असतो आणि त्याच्या आत निळा, पिवळा, काळा, पुन्हा निळा असे पातळ पातळ थर दिसतात. लोक ते तुकडे घासून, चकाकी देऊन त्यांची पेंडंट करतात. खाली पायाशी रिकाम्या डब्यांचा खच आणि हवेत रंगाचा उग्र वास. ज्या कल्ल्यांसाठी हा खटाटोप झाला, ते या लेपाखाली इतके बोथट झालेत की कुठली गाडी कुठल्या सालची हे माहीतगारालाही अडखळत सांगावं लागेल. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. कलाकृती होती ती संपली, आणि तिच्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मिळून केलेलं काहीतरी दुसरंच उभं राहिलं. उद्या तुम्ही लिहिलेलं नाव परवापर्यंत कुणीतरी पुसणार, हे प्रत्येकाला माहीत असतं आणि तरीही प्रत्येक जण लिहितो.

कारहेंजची कथा याच्या उलट टोकाची. तिथे कलाकारांचा गट नाही, धनिक नाही. आहे एक शेतकरी कुटुंब. जिम रेंडर्स हे कामानिमित्त इंग्लंडमध्ये राहिले होते आणि तिथे त्यांनी स्टोनहेंजचा, म्हणजे प्रचंड उभ्या दगडांच्या त्या प्राचीन वर्तुळाचा, बारकाईने अभ्यास केला होता. 1982 साली त्यांचे वडील गेले. सगळं कुटुंब जमलं असताना वडिलांचं स्मारक करायची गोष्ट निघाली आणि पाच वर्षांनी पुन्हा इथेच जमायचं ठरलं. अशा वेळी ठरलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं ते आपल्याकडेही सगळ्यांना ठाऊक आहे. रेंडर्स मंडळी मात्र 1987 च्या जूनमध्ये खरोखर जमली. पस्तीसेक जण होते. वडील ज्या शेतावर राहिले तिथेच त्यांनी जुन्या अमेरिकन गाड्यांचं स्टोनहेंज उभारलं आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी शॅम्पेन, कविता, गाणी असा सोहळा करून ते खुलं केलं.

इथल्या 39 गाड्या मिळून साधारण 96 फूट व्यासाचं वर्तुळ करतात, म्हणजे मूळ स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळाएवढंच. उभ्या गाड्या डिकीच्या बाजूने खड्ड्यात रोवल्यात, म्हणजे टेक्सासच्या बरोबर उलट, आणि कमानीच्या वरच्या गाड्या वेल्डिंग करून बसवल्यात. वर्तुळाबाहेर एक गाडी एकटीच उभी आहे. स्टोनहेंजमध्ये उन्हाळ्यातल्या त्या मोठ्या दिवशी सूर्य ज्याच्या बाजूने उगवतो तो 'हील स्टोन' म्हणजे ही गाडी. ती आहे 1962 ची कॅडिलॅक! गोंधळात भर घालायला एवढं पुरेसं आहे.

राखाडी रंग यासाठी की गाड्या दगडासारख्या दिसाव्यात. गाडीने आपलं गाडीपण विसरावं अशी इथली अपेक्षा. आणि गंमत अशी की ते होत नाही. लांबून, सपाट गवताळ माळावर, ढगाळ उजेडात क्षणभर फसायला होतं खरं. पण जवळ गेलात की ग्रिलच्या जाळ्या, हेडलाइटच्या खोबण्या, चाकं, दाराच्या मुठी सगळं साफ दिसतं. जुन्या गाड्यांचा षौक असलेला माणूस इथे तासभर फिरून एकेक मॉडेल ओळखत बसेल. जिथे गाड्या गाड्या म्हणून बघायच्या होत्या तिथे त्या ओळखू येत नाहीत, आणि जिथे त्यांचे दगड करायचे होते तिथे त्या पटकन ओळखू येतात. दोन्ही ठिकाणं एकाच प्रवासात बघावीत असं मला वाटतं ते यासाठी.

गावाला हे सुरुवातीला मुळीच पटलं नव्हतं. गावाच्या वेशीवर भंगाराचा ढीग, अशीच बऱ्याच जणांची भावना होती आणि ते पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या. मग 'फ्रेंड्स ऑफ कारहेंज' नावाचं मंडळ उभं राहिलं, त्यांनी ते राखलं, आणि 2013 साली जागा अलायन्स शहराच्या ताब्यात दिली. आता गावाची ओळखच ती आहे. 21 ऑगस्ट 2017 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा नेमका यावरून गेला तेव्हा अडीच मिनिटांच्या काळोखासाठी हजारो लोक या माळावर जमले होते. आजूबाजूला भंगारातून केलेली आणखी शिल्पंही आहेत. त्यातला सॅल्मन मासा मला मुख्य वर्तुळाइतकाच आवडतो. एका जागी तीन परदेशी गाड्या पुरल्याची खूण आहे, डेट्रॉइटची, म्हणजे अमेरिकन गाडी कंपन्यांची, झोप उडेपर्यंत त्यांनी काम भागवलं, अशा अर्थाच्या टोमण्यासकट.

तेव्हा वागण्याचे नियमही दोन्हीकडे उलटे. कॅडिलॅक रँचला रंगाचा डबा न्यायचाच, मुलांना जुने कपडे घालायचे, पाऊस झाला असेल तर चपला गाडीत ठेवून बूट चढवायचे, कारण फाटकापासून गाड्यांपर्यंतची वाट मातीची आहे. रिकामे डबे परत आणा, एवढी लाज तरी बाळगू. आणि गाड्या सोडून कुंपणाबाहेर काही रंगवलंत तर तो गुन्हा आहे. कारहेंजला मात्र रंगाचा डबा गाडीतून काढायचाच नाही. दोन्हीकडे तिकीट नाही.

वेळ कुणाला द्यायचा? कॅडिलॅक रँच इंटरस्टेट 40 च्या अगदी कडेला आहे. 1997 साली शहर वाढत जवळ आलं म्हणून ते दोनेक मैल पश्चिमेला हलवलं, तरी हायवे सुटला नाही. अर्ध्या तासाचा थांबा, मुलं खूश, पुढे निघा. अमरिलोत 72 औंसांचा स्टेक तासाभरात संपवला तर फुकट देणारं एक हॉटेल आहे. त्याच्या पाट्या मैलोन्‌मैल पिच्छा पुरवतात. शाकाहारी मंडळींनी पाट्याच वाचाव्यात. कारहेंजला मात्र मुद्दाम जावं लागतं, इंटरस्टेट 80 वरच्या सिडनीपासून उत्तरेला सव्वा-दीड तास. पण डेन्व्हरकडची आपली मंडळी माउंट रशमोरला जातात तेव्हा थोडी वाट वाकडी केली की ते रस्त्यातच पडतं. एकच बघायचं असेल तर मी कारहेंज म्हणेन. रंगाची मजा कुठल्याही भिंतीवर करता येईल, पण त्या माळावर ते वर्तुळ अचानक वर येताना बघायला तिथेच जावं लागतं.

आणि दोन्ही बघायची असतील तर एक सोय आहे. अमरिलोच्या पश्चिमेला व्हेगा नावाचं छोटं गाव लागतं. तिथून यूएस 385 हा रस्ता उत्तरेला धरलात तर तो ओक्लाहोमाचं टोक आणि कोलोरॅडोचा पूर्वभाग ओलांडून थेट अलायन्सला पोचतो. मधला मुलूख उघडाबोडका आहे, तेव्हा डॅलहार्टला टाकी भरून घ्या.